मण्यांची पट्टी विणायची असते

मे महिन्याच्या सुट्टीत मुलांच्या हाताला काहीतरी काम हवं म्हणून घरोघरी मण्यांची पाकिटं येतात. तंगूसमध्ये मणी ओवले, गाठ मारली की ब्रेसलेट झालं, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. लूमवर, म्हणजे छोट्या मागावर, केलेलं ब्रेसलेट मात्र दोन्ही बाजूंना सरळ काठ असलेली, कापडासारखी लवचीक, सपाट पट्टी असते. ती ओवून होत नाही, विणावी लागते. तिला ताणा म्हणजे उभे धागे असतात, बाणा म्हणजे आडवा धागा असतो. येवल्याच्या मागावर जे नियम चालतात त्यांतले बरेचसे इथे वीतभर जागेत चालतात. हे कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून पहिली पट्टी वाकडी होते, दोरा तुटतो आणि उरलेले मणी कपाटात जातात. याची मला खरोखर हळहळ वाटते. अडचण बहुतेक वेळा हाताची नसतेच, आधीच मनात बसलेल्या काही समजुतींची असते.

गैरसमज : लूम विकत आणल्याशिवाय काम सुरू होत नाही.

लूमचं काम एवढंच, की उभे धागे शेजारी शेजारी, समांतर आणि ताणून धरायचे. बुटांच्या खोक्याच्या दोन समोरासमोरच्या कडांना बारीक खाचा पाडल्या तरी ते साधतं. पुठ्ठा ताणाने आत वाकतो, म्हणून दोन्ही कडांना आतून एकेक जुनी पेन्सिल चिकटवावी. फोटोची जुनी लाकडी चौकट मिळाली तर आणखी चांगलं. तिच्या दोन टोकांना चुका ठोकायच्या आणि धाग्यांमधलं अंतर राखायला फणीचे तुकडे लावायचे. अंतर अगदी मोजूनमापून हवं असंही नाही. पहिल्या दोन-तीन ओळी बसल्या की मणीच धाग्यांना आपापल्या जागी नेतात.

एक हिशेब मात्र चुकवून चालत नाही. आडवे जितके मणी, त्याहून एक उभा धागा जास्त. नऊ मण्यांची पट्टी हवी तर ताण्याचे दहा धागे. काठाचे दोन्ही धागे दुहेरी घेतले तर पट्टी जास्त टिकते, कारण वळणाची सगळी ओढ काठावर येते. दोन्ही टोकांना वीतभर धागा मोकळा ठेवायचा. तो का, ते शेवटी येईलच.

गैरसमज : मण्याचा नंबर मोठा म्हणजे मणी मोठा.

नेमकं उलटं आहे. सहा नंबरचा मणी साधारण चार मिलिमीटरचा, आठ नंबरचा तीनचा आणि अकरा नंबरचा जेमतेम दोनचा. पंधरा नंबरचा तर चिमटीत धरणंही कठीण. मण्यांच्या सुईचंही तसंच. बारा नंबरची सुई दहापेक्षा बारीक. अकरा नंबरच्या मण्यांना दहा नंबरची सुई पुरते. घरातली शिवणाची सुई टोकाकडून मण्यात शिरते, पण नेढ्यापाशी अडकते आणि जोर केला की मणी फुटतो. पुण्यात बोहरी आळीत किंवा मुंबईत भुलेश्वरला गेलात तर ‘बारीक मणी’ एवढंच मागू नका, नंबर सांगा आणि सुई तिथेच मण्यातून घालून बघा.

किती घ्यायचे? नऊ मण्यांच्या रुंदीचं, चौदा सेंटिमीटर लांबीचं ब्रेसलेट अकरा नंबरमध्ये करायचं तर पासष्टेक ओळी होतात, म्हणजे सहाशेच्या आसपास मणी. वजनात पाच-सहा ग्रॅम. पाव किलोचं पाकीट घरी आणायची काहीच गरज नाही. त्यापेक्षा एकसारखे मणी थोडे आणावेत. स्वस्त मण्यांत जाड, बारीक, तिरपे असे सगळे एकत्र येतात आणि तांदूळ निवडावेत तसे ते आधी निवडून घ्यावे लागतात. एका ओळीत दोन जाड मणी आले की काठ तिथे फुगलाच. जपानी कंपन्यांचे नळीच्या आकाराचे मणी महाग पडतात, पण ते इतके एकसारखे असतात की निवडायचा वेळ सगळा वाचतो.

गैरसमज : घरातला कुठलाही दोरा चालतो.

बारीक मणी कसे होतात ते कळलं की दोऱ्याचं कोडं सुटतं. वितळलेल्या काचेची पोकळ नळी लांबच लांब ओढतात, तिचे बारीक तुकडे करतात आणि ते पुन्हा तापवत फिरवून त्यांच्या कडा गोल करतात. हे शेवटचं काम नीट झालं नाही तर भोकाची कड धारदार राहते. शिवणाचा सुती दोरा त्या धारेवर घासून घासून तुटतो, बहुतेकदा मनगटावर, चारचौघांत. तंगूस तुटत नाही, पण ताठ असतो, पट्टी कडक होते आणि गाठ सुटते. इलॅस्टिकचा दोरा ताण्याला अजिबात नको. लूमवर तो ताणलेला असतो, कापला की आखडतो आणि मण्यांच्या ओळी वर उचलल्या जातात. मणीकामासाठी मिळणारा बारीक, न पिळलेला नायलॉनचा किंवा पॉलिस्टरचा धागाच घ्यावा आणि त्यावरून मधमाश्यांच्या मेणाचा खडा एकदा फिरवावा. मग गुंता कमी होतो. नायलॉन हवेतली ओल शोषतो आणि थोडा सैल पडतो. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत रात्रभर ठेवलेला ताणा सकाळी बोटाने दाबून बघावा, ढिला वाटला तर पुन्हा ओढून घ्यावा.

गैरसमज : मण्यांची ओळ ताण्यावर ठेवली की बसते.

सगळ्यात जास्त पट्ट्या इथे बिघडतात, म्हणून हे सावकाश सांगते. बाण्याचा धागा हातभरच घ्या, लांब घेतला की गुंततो. त्याचं टोक डावीकडच्या काठाच्या धाग्याला बांधा. सुईत नमुन्याच्या क्रमाने नऊ मणी घ्या आणि ते धाग्याच्या बुडापर्यंत सरकू द्या. आता तो धागा ताण्याच्या खालून उजवीकडे न्या. डाव्या हाताची तर्जनी खालून लावा आणि मणी वर ढकला, असे की प्रत्येक मणी दोन उभ्या धाग्यांच्या फटीतून डोकं वर काढेल. नऊ फटी, नऊ मणी. बोट तसंच दाबून ठेवून सुई उजवीकडून परत आणा, त्याच नऊ मण्यांमधून, पण या वेळी ताण्याच्या वरून.

सगळं बळ या परतीच्या फेरीत आहे. पहिला धागा ताण्याच्या खालून जातो, दुसरा वरून येतो आणि उभा धागा दोघांच्या मध्ये पकडला जातो. सुई एका जागी जरी ताण्याच्या खालून गेली तरी तिथला मणी पकडला जात नाही, बोट काढलं की खाली लोंबतो. सुईने उभा धागाच टोचला तर पुढे ओळी सरकवता येत नाहीत. म्हणून सुई भोकांच्या वरच्या बाजूला टेकवून न्यावी आणि प्रत्येक ओळ झाली की पट्टी बोटाने खालून चाचपावी. सैल मणी डोळ्याआधी बोटाला कळतो.

धागा ओढायचा किती? मणी एकमेकांना टेकतील इतका. त्याहून जास्त ओढलात तर पट्टी मध्येच अरुंद होते आणि पुढे कितीही सांभाळलं तरी ती जागा दिसत राहते. नवा धागा जोडताना गाठ मण्याच्या आत येऊ देऊ नये, भोक बुजतं. जुन्या धाग्याचं टोक आधीच्या दोन-तीन ओळींत फिरवून लपवावं, नव्याचंही तसंच.

गैरसमज : चौकटीच्या वहीतला नमुना जसाच्या तसा उतरतो.

क्रॉस स्टिचची सवय असलेल्यांची इथे हमखास फसगत होते. मणी चौरस नसतो. जपानी नळीचा मणी घेतला तर त्याची जाडी 1.6 मिलिमीटर आणि भोकाच्या दिशेने लांबी 1.3. लूमवर भोक आडवं असतं, त्यामुळे प्रत्येक घर रुंदीला कमी आणि पट्टीच्या लांबीकडे जास्त पडतं. मधले उभे धागे रुंदीत थोडी भर घालतात, तरी फरक पुरता भरून निघत नाही. वहीतलं गोल कमळ पट्टीवर लांबट होतं. मोराची मान ताणलेली दिसते. नमुना काढतानाच लांबीच्या दिशेने एक-दोन ओळी कमी कराव्यात. मधोमध एक मणी हवा असेल, आणि बहुतेक नक्ष्यांना तो हवाच असतो, तर रुंदी विषम ठेवावी : पाच, सात, नऊ.

गैरसमज : लूमवरचं मणीकाम म्हणजे अमेरिकेतल्या आदिवासींचं काम आणि आपल्याला मणीकाम परकं.

यात दोन चुका एकत्र गुंतल्या आहेत. उत्तर अमेरिकेतल्या मूलनिवासी समाजांचं मणीकाम थोर आहे, यात शंका नाही. हौदेनोसौनी लोकांचे शिंपल्यांच्या जांभळ्या-पांढऱ्या मण्यांचे वॉम्पम पट्टे असेच ताण्या-बाण्यावर विणलेले असत आणि त्यांत करारमदारांची स्मृती जपलेली असे. पण तिथलं सगळं मणीकाम लूमवरचं नाही. लाकोटा स्त्रिया काचेचे मणी थेट कातड्यावर टाक्यांनी बसवतात. काचेचे मणी तिथे युरोपीय व्यापाऱ्यांबरोबर आले. त्या समाजांच्या नक्ष्या त्यांच्या स्वतःच्या आहेत. बाहेरच्या वस्तू त्यांच्या नावाने विकणं अमेरिकेत 1990 च्या कायद्यानुसार गुन्हा आहे, आणि ते रास्तच आहे.

दुसरी चूक आपल्याबद्दलची. पुदुच्चेरीजवळच्या अरिकमेडूला काचेचे मणी प्राचीन काळापासून बनत. धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या उत्खननांतही मणी सापडले आहेत. काठियावाडचं मोतीभरत, झाबुआच्या भिल्ल स्त्रियांच्या मण्यांच्या माळा, आपल्याकडची काळी पोत गाठवून देणारे पटवेकरी, ही सगळी परंपरा सुई-दोऱ्याची आणि गाठींची आहे. तिच्यात लूम नाही, पण मणी निवडणं, दोरा पारखणं, टोक लपवणं हे ज्ञान तेच आहे. घराजवळ पटवेकरी बसत असेल तर मुलांना घेऊन जाऊन त्याचे हात बघून यावेत, शिबिराच्या फीपेक्षा ते मोलाचं आहे. आणि मुलं ‘लूम’ म्हणून ओळखतात ते रबरबँडचं खेळणं म्हणजे आकड्यावर रबरांची साखळी गुंफणं. त्यात ताणाही नाही, बाणाही नाही.

गैरसमज : काचेचा मणी, म्हणजे रंग कायमचा.

रंग काचेतच असेल तर खरं. पण बरेच मणी वरून रंगवलेले किंवा भोकाच्या आत रंग भरलेले असतात. काहींवर धातूचा पातळ मुलामा असतो. उन्हाळ्यातला घाम आणि घासणं यांनी तो जातो. आतून चांदीचा मुलामा दिलेले चकाकणारे मणी काळवंडतात. पारखण्यासाठी चार मणी नेलपॉलिश काढायच्या द्रवात भिजवलेल्या कापसावर रात्रभर ठेवावेत. कापूस रंगला तर ते मणी मनगटासाठी घेऊ नयेत, तोरणाला वापरावेत.

गैरसमज : हे सगळ्या वयांच्या मुलांचं, दुपारभराचं काम.

तीन वर्षांच्या आतलं भावंड घरात असेल तर मणी जमिनीवर नकोतच. ते सरळ तोंडात जातात आणि घशात अडकू शकतात. ताटात जुन्या टॉवेलचा तुकडा पसरून त्यावर मणी घ्यावेत, मग घरंगळत नाहीत. पहिलीदुसरीतल्या मुलांना सहा किंवा आठ नंबरचे मणी, पाचच्या रुंदीची पट्टी आणि आंबा खाऊन झाल्यावर साबणाने धुतलेले हात, एवढं पुरे. चिकट बोटांनी पांढरा धागा लगेच काळपट होतो. अकरा नंबरच्या नऊच्या पट्टीला नवख्या हाताला ओळीमागे दोन-तीन मिनिटं सहज लागतात. एवढं काम एका बैठकीत उरकायचा हट्ट केला की मान आणि डोळे दोन्ही दुखतात. सकाळच्या उजेडात रोज दहा-बारा ओळी, हे मुलांना झेपतं.

गैरसमज : पट्टी विणून झाली की धागे कापायचे आणि हुक लावायचं.

लूमवरून पट्टी उतरवल्या उतरवल्या ताण्याचे धागे कापले तर टोकाच्या ओळी सुटतात. शेवटच्या ओळीनंतर बाण्याचा धागा मण्यांशिवाय चार-पाच वेळा खालीवर विणून सेंटिमीटरभर कापडी पट्टी करावी. ती मागे दुमडून टाके घालावेत, वर कातड्याचा किंवा जाड कापडाचा तुकडा शिवावा आणि हुक त्या तुकड्याला लावावं, मण्यांना नाही. मुलांसाठी याहून सोपा मार्ग आहे. वीतभर मोकळे ठेवलेले धागे तीन भाग करून वेणीसारखे गुंफायचे. एका टोकाला फास ठेवायचा, दुसऱ्याला बटण शिवायचं. मनगट वाढलं की बटण थोडं पुढे सरकवून शिवता येतं.