लाल गाडीचं इंजिन



परवा मधली सुट्टी संपली आणि पाचवीतला एक मुलगा वर्तमानपत्राचं कात्रण घेऊन माझ्या टेबलाजवळ आला. कात्रणात एक लालभडक स्पोर्ट्स कार होती. दोनच दारं, रुंद चाकं, आणि जमिनीला पोट टेकवून बसलेल्या चित्त्यासारखा तिचा आकार!

"सर," तो म्हणाला, "या गाडीचं इंजिन खराब झालं तं नवीन टाकाच लागते का?"

सगळा वर्ग खो खो हसला. मोर्शीच्या रस्त्यावर अशी गाडी येणार कुठून? आमच्याकडे संत्र्यांनी भरलेले ट्रक, ट्रॅक्टर आणि धूळ उडवत जाणाऱ्या मोटारसायकली. पण मला काही हसू आलं नाही. कारण चार महिन्यांपूर्वी हाच प्रश्न मला पडला होता. फक्त माझ्याजवळ लाल स्पोर्ट्स कार नव्हती, जुनी मोटारसायकल होती.

ती गोष्ट सांगतोच. पण आधी इंजिन म्हाताराी कसं होतं ते पाहू या का?

तुमच्या घरी सायकलचा पंप असेल. त्याच्या तोंडावर बोट घट्ट दाबून दांडा खाली ढकला. हवा आत दबते आणि बोटाला जोर जाणवतो. आता पंपाच्या आतला वायसर झिजलेला असेल तर? हवा बाजूनं निसटते, दांडा सहज खाली जातो आणि चाकात हवा काही भरत नाही. इंजिनातही अगदी असंच असतं. गोल नळकांड्यात, म्हणजे सिलिंडरमध्ये, पिस्टन वरखाली करतो. त्याच्याभोवती रिंगा असतात. त्या पंपातल्या वायसरचं काम करतात. हवा आणि पेट्रोल यांचं मिश्रण दाबलं जातं, ठिणगी पडते, भडका उडतो आणि पिस्टन जोरात खाली ढकलला जातो. दाब निसटला की जोर गेला!

स्पोर्ट्स कारचं इंजिन तर फार पळतं. समजा, ते मिनिटाला ८,००० फेरे घेतंय. ८,००० ला ६० नं भागा. म्हणजे पिस्टन एका सेकंदात सुमारे १३३ वेळा खाली जाऊन वर येतो! तुमची पापणी एकदा लवेपर्यंत त्याच्या कितीतरी खेपा होतात. एवढ्या धावपळीत त्याला वेळेवर तेल हवं, थंडावा हवा आणि स्वच्छ हवा हवी. यातलं एक जरी कमी पडलं तरी इंजिन झिजायला लागतं.

इंजिन आजारी पडलं की ते धुरातून बोलतं. धूर निळसर असेल तर आत तेल जळतंय. काळा असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरा, दाट आणि गोडसर वासाचा धूर थांबतच नसेल तर इंजिन थंड ठेवणारं पाणी आत शिरतंय. डॉक्टर जीभ पाहतात ना, तसा मिस्त्री धूर पाहतो.

आता माझी गोष्ट. माझी मोटारसायकल निळा धूर सोडू लागली. चढावर दम टाकायची. एका गॅरेजमध्ये नेली. तिथल्या माणसानं एकदा किक मारली, धूर पाहिला आणि म्हणाला, "इंजिन गेलं. नवीनच टाका." त्यानं आकडा सांगितला आणि माझ्या पोटात गोळाच आला. त्याच पैशातून मी मुलीला सायकल घेऊन देणार होतो. तिनं रंगसुद्धा ठरवून ठेवला होता.

रात्रभर विचार केला. दुसऱ्या दिवशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीकाकांकडे गेलो. त्यांनी लगेच काही सांगितलं नाही. त्यांनी प्लग काढला, त्या जागी दाब मोजायचं घड्याळ लावलं आणि मला किक मारायला सांगितलं. काटा फारसा वर गेलाच नाही. मग त्यांनी प्लगच्या भोकातून थोडंसं ऑईल आत सोडलं आणि पुन्हा किक मारायला लावली. काटा चटकन वर गेला!

का बरं? ऑईलनं रिंगांच्या बाजूची फट तेवढ्यापुरती बुजवली. म्हणजे दाब रिंगांच्या बाजूनंच निसटत होता. ऑईल टाकूनही काटा हलला नसता, तर दोष व्हॉल्व्हमध्ये किंवा वरच्या गॅस्केटमध्ये शोधावा लागला असता. किती सोपी आणि किती हुशार परीक्षा!

काका म्हणाले, "गुरुजी, इंजिन नाई गेलं. बोअर-पिस्टनचं काम हाय." सिलिंडर आतून किंचित मोठा तासायचा आणि त्या मापाचा नवा पिस्टन, नव्या रिंगा बसवायच्या. खर्च नव्या इंजिनापेक्षा पुष्कळ कमी.

मी खूश झालो. पण काका काही उठले नाहीत. ते गाडीच्या बाजूला बसून काहीतरी शोधत होते. शेवटी त्यांनी हवेचा फिल्टर काढून माझ्यापुढे धरला. त्याला बोटभर चीर होती.

"हे पाहा. तुमी रोज बगिच्याच्या रस्त्यानं येता. सारी धूय इथून आत जाते आन् कानशीसारखी बोअर घासते. मी नवीन इंजिन बसवून देल्लं असतं, पन हे फाटकंच राहिलं असतं, तं तुमी पुन्हा माह्याच जवळ आले असते."

मित्रांनो, त्या दिवशी मी विद्यार्थी होतो आणि काका गुरुजी. दुखणं कुठं आहे हे तर शोधायचंच. पण ते कशामुळे झालं हेही शोधायचं. नाहीतर नवं इंजिनसुद्धा जुन्याच्याच वाटेनं जाणार.

मग काय, इंजिन कधी बदलायचंच नाही? तसं मुळीच नाही! लाल गाडीचा ब्लॉकच तडकला असेल, किंवा आतला कनेक्टिंग रॉड तुटून ब्लॉक फोडून बाहेर आला असेल, तर डागडुजीत पैसे घालण्यात शहाणपण नाही.

मोटारींच्या शर्यतीतली एक गंमत ऐका. २००५ साली फॉर्म्युला वन शर्यतींचा नियम होता, की एक इंजिन दोन शर्यती टिकलं पाहिजे. मध्येच बदललं तर शर्यत सुरू होताना दहा जागा मागे उभं राहायचं. त्या वर्षी जपानमधल्या सुझुका इथे फिनलंडच्या किमी रायकोनेनचं इंजिन सरावातच गेलं. ते बदलावं लागलं आणि शिक्षाही झाली. त्यात पात्रता फेरीच्या वेळी पाऊस आला. बिचारा सतराव्या जागेवरून निघाला. तरीही एकेकाला मागे टाकत, शेवटच्या फेरीत पहिला नंबर गाठून त्यानं शर्यत जिंकली!

त्याच वर्षी मे महिन्यात जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगवर मात्र उलटं घडलं होतं. त्याच्या पुढच्या चाकाचा टायर एका जागी घासून सपाट झाला होता आणि चाक थडथडत होतं. पण तो पहिला होता. थांबलो तर नंबर जाईल, म्हणून टायर न बदलता तो पळत राहिला. शेवटची फेरी सुरू होताच चाकाचा आधार मोडला आणि हाती आलेली शर्यत गेली. म्हणजे उगाच बदलणं जसं चूक, तसं धोका दिसत असताना न बदलणंही चूक.

आता आपल्या वऱ्हाडातलं उदाहरण घ्या. यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर ही छोट्या रुळांची 'शकुंतला' गाडी तुमच्या आजी-आजोबांना नक्की आठवत असेल. आपल्याकडचा कापूस नेण्यासाठी इंग्रजांच्या काळात ती सुरू झाली. मँचेस्टरला १९२१ साली तयार झालेलं वाफेचं इंजिन सत्तर वर्षं तिला ओढत होतं. १५ एप्रिल १९९४ ला त्याला निरोप दिला आणि डिझेल इंजिन जोडलं. इंजिन नवं आलं, पण मार्ग जुन्या काळातलाच राहिला. त्यामुळे नवं इंजिन असूनही गाडी रमतगमतच चालायची. पुढे तर ती बंदच पडली. इंजिन एकटं काय करणार? त्याला साजेशी वाटही हवी ना!

लाल गाडीलाही हाच हिशेब लावायचा. इंजिन नवं घातलं, पण ब्रेक, गिअर आणि रेडिएटर थकलेले असले तर? जास्त जोराचं इंजिन आणि जुने ब्रेक, ही तर अपघाताला आमंत्रण देणारी जोडी. आणि कुणी भंगारातल्या गाडीचं इंजिन स्वस्तात देत असेल, तर तेही आधी तपासून घ्यायचं. ते इंजिन तरी तिथं का आलं, हे विचारायला नको?

शिवाय कागदपत्रं! प्रत्येक इंजिनावर नंबर कोरलेला असतो आणि तो गाडीच्या आरसी बुकात लिहिलेला असतो. इंजिन बदललं तर आरटीओची परवानगी घेऊन तशी नोंद करावी लागते. जुन्या, हौसेनं जपलेल्या गाड्यांचं तर आणखी वेगळं. पन्नास वर्षांपेक्षा जुन्या गाड्यांसाठी २०२१ साली आपल्या देशात 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आले. त्यात गाडी मूळ रूपात असावी, तिची चासी, सांगाडा आणि इंजिन यांत मोठे फेरबदल झालेले नसावेत, अशी अट आहे. अशा गाडीचं जुनं इंजिन दुरुस्त करणं महाग पडलं तरी लोक ते आनंदानं करतात.

तर त्या मुलाला मी फळ्यावर चार प्रश्न लिहून दिले. तुम्हीही वहीत उतरवून घ्या.

१. खरंच इंजिनच बिघडलंय का? की प्लग, फिल्टर यांसारखं काहीतरी लहानसं आहे?
२. किती बिघडलंय? दुरुस्त होईल की नाही?
३. कशामुळे बिघडलं? ते कारण दूर केलं का?
४. बाकीची गाडी नव्या इंजिनाला साजेशी आहे का? आणि खर्च गाडीच्या किमतीला परवडतो का?

त्यानं प्रश्न लिहून घेतले, कात्रणाची घडी घातली आणि हळूच म्हणाला, "सर, हे ट्रॅक्टरलेबी चालते का? आमचा ट्रॅक्टर बंद हाय. बाबा नवीन इंजिनासाठी कर्ज काढतो म्हनते."

आता वर्गात कुणी हसलं नाही. मी म्हटलं, "चालतं बेटा. ही वही आज बाबांना दाखव. आणि तिसरा प्रश्न त्यांना दोनदा वाचून दाखव."

हो, सांगायचं राहिलंच! माझी मोटारसायकल आता धूर सोडत नाही. फिल्टर मी दर महिन्याला स्वतः काढून पाहतो. आणि घरासमोर एक निळी सायकल उभी असते.

तुमच्या घरी एखादं यंत्र बंद पडलेलं आहे का? मोठ्या माणसांना सोबत घेऊन हे चार प्रश्न त्याला विचारून पाहा बरं!