डोक्यावरच्या ओझ्याचा हिशेब

मोठ्या शहरांतील व्यापारी इमारतींमध्ये जागेचा भाव चौरस फुटावर ठरतो. भाडेकराराचा कागद लांबी आणि रुंदी मोजतो. उंचीला त्यात वेगळी किंमत नसते. ज्या वस्तूला किंमत नाही ती माणूस सढळ हाताने वापरतो, हा अर्थशास्त्रातील अगदी प्राथमिक सिद्धान्त होय. साहजिकच जमीन जसजशी महाग झाली, तसतशी कार्यालयांतील यंत्रसामग्री जमिनीवरून उठून छताला जाऊन लटकली. वातानुकूलनाचे डक्ट, विजेच्या तारांचे ट्रे, अग्निशमनाचे नळ, प्रोजेक्टर आणि आता संगणकांच्या जाळ्याची उपकरणे बसविलेले लोखंडी रॅक, असा मोठा संसार आज आपल्या डोक्यावर मांडलेला असतो. त्याखाली फॉल्स सीलिंगचा पांढराशुभ्र पडदा ओढला की काम संपले. दृष्टीआड सृष्टी!

वस्तू छताला टांगणे यात मुळात गैर काहीच नाही. आपल्या जुन्या घरांतून शिंकी होती, पाळणे होते आणि माजघरात झोपाळाही होता. परंतु झोपाळ्याच्या कड्या तुळईत बसविलेल्या असत आणि ती तुळई कोणती हे सुताराला ठाऊक असे. कडी झिजली तर ती दिसे. त्याआधी ती करकरून घरभर वर्दी देई. ओझे, आधार आणि त्याखाली बसणारा माणूस हे तिघेही एकाच घरातले असत. आजच्या कार्यालयात हे तिघे परस्परांना ओळखतही नाहीत. खरा प्रश्न या अनोळखीपणाचा आहे.

प्रथम ओझ्याचे पाहू. रॅक जमिनीवरून उचलून छताला टांगला म्हणून त्याचे वजन नाहीसे होत नाही. ते फक्त खालच्या स्लॅबवरून वरच्या स्लॅबवर जाते. तिसऱ्या मजल्याचे छत म्हणजे चौथ्या मजल्याची जमीन. भारतीय मानक ८७५ च्या १९८७ मधील दुसऱ्या भागानुसार, स्वतंत्र साठवणखोली असलेल्या कार्यालयाच्या मजल्यावर दर चौरस मीटरला २.५ किलोन्यूटन, म्हणजे ढोबळमानाने २५० किलोग्रॅम, इतका वापराचा भार गृहीत धरला जातो. अशी खोली नसेल तर ४ किलोन्यूटन. आता ६०० मिलिमीटर रुंद, ८०० मिलिमीटर खोल आणि २०० किलोग्रॅम वजनाचा रॅक घेतला, तर त्याच्या स्वतःच्या क्षेत्रफळावर दर चौरस मीटरला चारशे किलोग्रॅमांहून अधिक भार पडतो. एका रॅकने स्लॅब कोसळत नाही, कारण भार आजूबाजूला वाटला जातो. परंतु वरच्या मजल्यावरील भाडेकरूने नेमक्या त्याच जागी कागदपत्रांची पोलादी कपाटे मांडली असतील तर? दोघांनीही आपापल्या करारातील जागाच वापरली. मात्र स्लॅब दोघांचा एकच आहे.

दुसरी बाब टांगण्याच्या रीतीची. असे रॅक बहुधा आटे पाडलेल्या चार सळयांवर लटकतात आणि त्या सळया काँक्रीटमध्ये भोक पाडून ठोकलेल्या अँकर बोल्टांना जोडलेल्या असतात. चार सळया म्हणजे प्रत्येकीवर पाव वजन, हा हिशेब कागदावर सोपा आहे. प्रत्यक्षात सांगाडा ताठ असेल आणि चारांपैकी एक सळई किंचित ढिली राहिली, तर कर्णाच्या दुसऱ्या टोकाची सळईही भार घेत नाही. सारे ओझे उरलेल्या दोघींवर येते आणि पन्नासाच्या जागी प्रत्येकीला शंभर किलोग्रॅम पेलावे लागतात. शिवाय तुळयांमधल्या स्लॅबचा मधला भाग खालच्या बाजूने ताणला जात असतो. केसासारख्या बारीक भेगा पडण्याची शक्यता तेथेच अधिक, आणि भेगाळलेल्या काँक्रीटमध्ये अँकरची पकड कमी होते. स्लॅबमध्ये ताणलेल्या पोलादी केबल असतील तर अजाण हाताने मारलेले भोक केबललाच इजा करू शकते. फॉल्स सीलिंगच्या तारा तर केवळ सीलिंग पेलण्यासाठी असतात. त्यांना उपकरण अडकविणे हा निव्वळ अविचार होय. कोयना (१९६७) आणि किल्लारी (१९९३) येथील भूकंप पाहिलेल्या महाराष्ट्राला हेही सांगावयास नको की, जमीन हलली तर टांगलेली वस्तू झुलते, आणि सरळ सळई ओझे पेलते तरी झोका रोखत नाही. त्यासाठी तिरपे आधार द्यावे लागतात.

हिशेबातील लहानशा बदलाची किंमत केवढी मोठी असू शकते, याचे विदारक उदाहरण अमेरिकेतील कॅन्सस सिटी येथे घडले. तेथील हयात रीजन्सी हॉटेलच्या दालनात दोन पादचारी पूल एकाखाली एक, छतापासून सळयांनी टांगलेले होते. मूळ आराखड्यात छतापासून खालच्या पुलापर्यंत अखंड सळई होती. कामाच्या सोयीसाठी तिचे दोन तुकडे करण्यात आले: एक छतापासून वरच्या पुलापर्यंत, दुसरा वरच्या पुलापासून खालच्या पुलापर्यंत. एकाच दोरीवर दोन शिंकी बांधली तर प्रत्येक गाठ आपापले मडके पेलते. खालचे शिंके वरच्या शिंक्यालाच बांधले तर वरच्या गाठीला दोन्ही मडकी पेलावी लागतात. वरच्या पुलाच्या जोडावर असाच दुप्पट भार आला. १७ जुलै १९८१ रोजी नृत्याच्या कार्यक्रमासाठी दालनात गर्दी जमली असता दोन्ही पूल कोसळले आणि ११४ माणसे मृत्युमुखी पडली. मूळ आराखडासुद्धा नियमाने आवश्यक असलेल्या क्षमतेच्या सुमारे ६० टक्केच होता, असे सरकारी चौकशीत आढळले.

कॅन्सस सिटीचे अपयश हिशेबाचे होते. पुढील दोन अपयशे काळाची होत. १० जुलै २००६ रोजी बोस्टन शहरातील एका बोगद्याच्या टांगत्या छताचा सुमारे २६ टन भाग मोटारीवर कोसळून एका स्त्रीचा मृत्यू झाला. अँकर बोल्ट चिकटविण्यासाठी वापरलेले रसायन दीर्घकाळच्या ताणाखाली हळूहळू सरकत राहते, हे चौकशीत निष्पन्न झाले. बोल्ट सरकल्याचे बांधकामाच्या काळात, १९९९ मध्येच, लक्षात आले होते. पण त्याचा पाठपुरावा पुरेसा झाला नाही. जपानमध्ये १९७७ साली खुल्या झालेल्या सासागो बोगद्यात २ डिसेंबर २०१२ रोजी सुमारे १४० मीटर लांबीची छतफलके कोसळून ९ जणांचा बळी गेला. त्यानंतर जपानने बोगदे आणि पूल यांची दर पाच वर्षांनी जवळून पाहणी करणे बंधनकारक केले. तात्पर्य, बसविल्याच्या दिवशी भक्कम असलेला अँकर जन्मभर भक्कम राहतोच असे नाही.

आता या प्रश्नाच्या आर्थिक अंगाकडे वळू. उपकरण टांगण्याचा निर्णय भाडेकरू घेतो. काम सर्वांत कमी दराची निविदा भरणारा कंत्राटदार करतो. स्लॅब मालकाचा असतो. आणि ओझ्याखाली आठ तास बसतो तो कारकून, वर्गात शिकणारा विद्यार्थी किंवा त्यास शिकविणारा शिक्षक. लाभ एकाचा आणि धोका दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली की बाजार आपोआप सुरक्षितता निर्माण करीत नाही. स्वस्त बोल्टामुळे झालेली बचत कंत्राटदाराच्या वहीत लगेच दिसते. त्यातील जोखीम कोणाच्याच वहीत नोंदली जात नाही.

उपाय अवघड नाहीत. भाडेकरारातच छतावर कोठे आणि किती वजन टांगता येईल ते नमूद असावे. टांगणीच्या आराखड्यावर संरचना अभियंत्याची सही असावी, आणि आराखड्यात बदल झाला तर तो कागद त्याच्याकडेच परत जावा. बसविलेल्या अँकरपैकी काही ओढून तपासावेत. प्रत्येक टांगणीची नोंदवही इमारतीत राहावी, आणि फॉल्स सीलिंगची फळी उघडून ठरावीक काळाने पाहणी व्हावी. मुंबईत ३० वर्षांहून जुन्या इमारतींची संरचनात्मक तपासणी कायद्याने बंधनकारक आहे. परंतु भाडेकरू दर काही वर्षांनी बदलतो आणि त्याच्याबरोबर छतावरचे ओझेही बदलते. त्यासाठी तीस वर्षे थांबून चालणार नाही.

यावर, खर्च वाढेल आणि परवान्यांचे आणखी एक जंजाळ उभे राहील, असा आक्षेप येईल. त्यात तथ्य आहे. कागदी परवान्याचे रूपांतर चिरीमिरीत कसे होते हे आपण जाणतो. म्हणूनच येथे सरकारी शिक्क्यापेक्षा नोंदवही सर्वांस खुली असणे अधिक महत्त्वाचे वाटते. आपल्या डोक्यावर काय टांगले आहे, ते कोणी टांगले आणि शेवटचे केव्हा तपासले, हे विचारण्याचा अधिकार त्याखाली बसणाऱ्यास असला पाहिजे, आणि तो त्याने वापरलाही पाहिजे. चौरस फुटाच्या भावात छत फुकट मिते असे वाटते खरे. त्याची किंमत कोणी ना कोणी देतच असतो.