फुलपाखरांची सोंगे आणि आपली छायाचित्रे

शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालणारे नाशिककर पुष्कळ आहेत. पण त्याच रुईच्या पानाआड पट्ट्यापट्ट्यांची एक अळी चरत असते, तिच्याकडे पाहणारे थोडे. ही अळी प्लेन टायगर या फुलपाखराची. रुईच्या विषारी चिकावर वाढल्यामुळे पाखराचे अंगही कडवट होते. एकदा चाखलेला पक्षी पुन्हा त्याच्या वाटेस जात नाही. म्हणूनच नारिंगी पंख, काळी टोके आणि पांढरे ठिपके मिरवीत ते सावकाश उडते.

आता गंमत पाहा. हाच पेहराव दुसऱ्याच एका फुलपाखराच्या मादीने उचलला आहे. तिचे नाव डॅनेड एगफ्लाय. तिच्या अळ्या आपल्या घोळीच्या भाजीवरही वाढतात. कडवटपणा अंगी नाहीच. तिचा नर मात्र काळा, पंखांवर मोठे पांढरे डाग आणि त्यांभोवती जांभळी झाक. नवराबायको म्हणून कोणी ओळखणार नाही! अशा सोंगाचा उलगडा हेन्री बेट्स याने ॲमेझॉनच्या अरण्यातील पाखरांवरून 1862 साली केला.

पूर्वीचे अभ्यासक पाखरू जाळ्यात धरून टाचणीने टोचीत. आज खिशातल्या फोनने काम भागते, जीव वाचतो, हे फार चांगले झाले. परंतु टोचलेले पाखरू उलटून पाहता येई. छायाचित्र जेवढे दाखवील तेवढेच. आमच्या पाहण्यात येणारी बहुतेक चित्रे रंगावर लुब्ध होऊन काढलेली असतात, आणि रंग तर दोघींचा एकच.

पाहावयाचे ते मागच्या पंखावर. पंख उघडे असताना प्लेन टायगरच्या मागच्या पंखाच्या मध्यभागी तीन काळे ठिपके दिसतात. नराला आणखी एक. एगफ्लायच्या मादीला एकच, तोही पंखाच्या वरच्या कडेजवळ. पुढचा पंख थोडा खाली आला की तो झाकून जातो. म्हणून एका चित्रावर थांबू नये. वरून आणि बाजूने, दोन्ही घ्यावीत. पाखराला धक्का लागून ते उडाले तर उडण्याची तऱ्हाही टिपून ठेवावी: एगफ्लाय घाबरली की संथपणाचे सोंग टाकून भरकन निघून जाते.

परसातल्या लिंबावर आणि कढीपत्त्यावर वाढणाऱ्या कॉमन मॉर्मनची कथा याहून गुंतागुंतीची. त्याच्या माद्या तीन रूपांच्या: एक नरासारखी, दुसरी कॉमन रोझसारखी, तिसरी क्रिमझन रोझसारखी. येथे पंख सोडून धड पाहावे. रोझचे धड तांबडे, मॉर्मनचे काळे. ही रूपे ‘डबलसेक्स’ या एकाच जनुकामुळे ठरतात, असे कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2014 साली दाखविले.

एवढी चिकित्सा कशाला, असे कोणी विचारील. एगफ्लायचे नाव वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूचित आलेले आहे. उद्या एखादी टेकडी फोडण्याचा प्रश्न उभा राहिला आणि पाखरांची यादी पुढे केली, तर तिच्यातील एक चुकीचे नाव साऱ्या यादीवरचा विश्वास उडवते. त्यापेक्षा ठिपका दिसत नसेल तेथे ‘दोहोंपैकी एक’ असे लिहावे, आणि तारीख व जागा मात्र न विसरता नोंदवावी.