प्रेशर व्हेसलच्या सूत्रातला 'ई' कुठून येतो?

प्रेशर व्हेसलवर संशोधन करायचं ठरवलं की बहुतेक जण सुरुवात सॉफ्टवेअरमध्ये करतात. दंडगोल काढायचा, आत दाब लावायचा, ताण बघायचा, जाडी कमी करत जायची आणि शेवटी 'वजनात बचत' असा निष्कर्ष लिहायचा. तुमचाही बेत असाच असेल, तर आधी एका छोट्या आकड्याकडे नीट बघा. कोडमध्ये तो 'ई' या अक्षराने येतो. त्याचं नाव जॉइंट एफिशियन्सी.

एएसएमई कोडच्या सेक्शन ८, डिव्हिजन १ मध्ये शेलची जाडी काढायचं सूत्र एका ओळीचं आहे. वर दाब गुणिले आतली त्रिज्या. खाली अनुज्ञेय ताण गुणिले ई, आणि त्यातून दाबाची ०.६ पट वजा. दाब आणि त्रिज्या प्रोसेसमधून येतात, ताण तक्त्यातून मिळतो. ई मात्र वेल्ड कसा केला आणि किती तपासला यावर ठरतो. दोन्ही बाजूंनी वेल्ड केलेल्या बट जॉइंटची पूर्ण रेडिओग्राफी केली तर १, स्पॉट रेडिओग्राफी केली तर ०.८५, अजिबात नाही केली तर ०.७०.

आता आकडे घालू. दाब २ मेगापास्कल, त्रिज्या ६०० मिमी, अनुज्ञेय ताण १३८ मेगापास्कल (प्रेशर व्हेसलसाठी नेहमी वापरल्या जाणाऱ्या एसए ५१६ ग्रेड ७० प्लेटचा, साध्या तापमानाला). ई १ असेल तर जाडी ८.७७ मिमी, ०.८५ ला १०.३४ आणि ०.७० ला १२.५८. गंजासाठी ३ मिमी वाढवा आणि बाजारात मिळणारी पुढची प्लेट घ्या: १२, १४ आणि १६ मिमी.

१६ वरून १२ म्हणजे शेलच्या वजनात सरळ २५ टक्के फरक! आकार तोच, स्टील तेच, वेल्डरसुद्धा तोच. बदललं ते एवढंच, की त्या वेल्डच्या आत काय आहे हे आपण फिल्मवर पाहिलं.

तुमच्या फायनाइट एलिमेंट मॉडेलमध्ये मात्र बहुतेक वेळा वेल्ड नसतोच. सगळं शेल एकसंध स्टीलचं, म्हणजे न सांगता ई १ धरलेला. त्याची तुलना ०.७० धरून बनवलेल्या जुन्या व्हेसलशी केली, तर 'ऑप्टिमायझेशन'ने वाचवलेलं बरंचसं वजन नुसत्या तपासणीचं निघतं. व्हायव्हामध्ये परीक्षकाने हे विचारलं तर उत्तर देणं अवघड जातं.

मग सगळे पूर्ण रेडिओग्राफीच का करत नाहीत? कारण खर्च. शिवाय किरणोत्सारामुळे आजूबाजूची जागा रिकामी ठेवावी लागते, म्हणून अनेक शॉपमध्ये हे काम रात्री चालतं. लहान टाकीसाठी फॅब्रिकेटर जाड प्लेट घेऊन मोकळा होतो, आणि माझ्या मते ते शहाणपणाचंच आहे. व्हेसलमध्ये प्राणघातक पदार्थ असेल तर मात्र हा पर्याय नाही. पूर्ण रेडिओग्राफी सक्तीची.

आणखी एक गंमत. वरचं सगळं गणित लांबीच्या वेल्डचं, म्हणजे शॉपच्या भाषेत एल-सीमचं आहे. गोल फिरणाऱ्या सी-सीमवर ताण साधारण निम्मा असतो. तिथे ई ०.७० धरला तरी जाडी ६.२ मिमीच लागते, त्यामुळे जाडी ठरवते ती एल-सीम. पण एल-सीमसाठी १ घ्यायचा असेल, तर तिला छेदणाऱ्या सी-सीमची निदान स्पॉट रेडिओग्राफी करावीच लागते.

तेव्हा प्रबंधात ई किती धरला ते स्पष्ट लिहा, आणि तुलना दोन्हीकडे तोच ई ठेवून करा. शॉपमध्ये गेलात तर वेल्ड मॅप मागा. डिश एन्डची घडवल्यानंतर मोजलेली जाडीही मागा, कारण घडवताना प्लेट काही ठिकाणी पातळ होते आणि कोडला हवी ती जाडी घडवल्यानंतरची. ऑर्डरवरचा आकडा मॉडेलमध्ये तसाच टाकू नका.