कांद्याचा रस आणि केसगळती : पुरावा किती, आशा किती?

कच्चा कांदा किसायचा, फडक्यातून रस पिळून घ्यायचा, कापसाच्या बोळ्याने टाळूला लावायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने डोके धुऊन टाकायचे. केसगळतीवरचा हा उपाय महाराष्ट्रात घरोघरी माहीत आहे. आता कांद्याचे तयार तेल, शाम्पू आणि सीरमही दुकानात मिळते. या उपायामागे माणसांवर केलेला एक खरा अभ्यासही आहे. त्यात नेमके काय आढळले आणि कशाची तपासणीच झाली नव्हती, हे नीट पाहिले तर सिद्ध न झालेल्या कुठल्याही तेलाची किंवा लेपाची पारख करता येते.

बगदादचा अभ्यास

हा अभ्यास बगदादमधल्या दोन डॉक्टरांनी केला आणि तो २००२ मध्ये ‘जर्नल ऑफ डर्मटॉलॉजी’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. एका गटातील २३ जणांनी रोज दोनदा कांद्याचा रस लावला, दुसऱ्या गटातील १५ जणांनी नळाचे पाणी. उपचार दोन महिन्यांचा होता. सहाव्या आठवड्यापर्यंत रस लावणाऱ्या २३पैकी २० जणांना नवे केस आले. पाणी लावणाऱ्यांत आठव्या आठवड्यापर्यंत १५पैकी दोघांनाच आले.

आकडे नजरेत भरणारे आहेत, पण हे सगळे रुग्ण चाईचे होते. चाई पडते तेव्हा शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर हल्ला करते आणि डोक्यावर रुपयाएवढे गुळगुळीत गोल चट्टे उमटतात. त्यात मुळे मरत नाहीत, त्यामुळे उपचार न करताही अनेकांचे केस परत येतात. पुरुषांचे कपाळ मागे सरकते, टाळू उघडी पडते, बायकांचा भांग रुंदावतो, तो आजार वेगळा. तिथे आनुवंशिकता आणि डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक यांच्या परिणामाने केसांची मुळे वर्षानुवर्षे लहान होत जातात. कांद्याचे तेल घेणाऱ्यांत बरेच जण या दुसऱ्या तक्रारीचे असतात आणि त्यांच्यावर हा अभ्यास झालेलाच नाही.

दुसरी अडचण वासाची. चांगल्या चाचणीत आपल्याला औषध मिळते आहे की नुसते पाणी, हे रुग्णाला कळू देत नाहीत. तपासणाऱ्यालाही ते माहीत नसते. कांद्याचा रस लावलेल्याला ते पहिल्याच दिवशी कळते. तिसरी अडचण म्हणजे गट फार लहान होते आणि त्यांच्या निकालाला पुष्टी देणारी मोठी चाचणी नंतर झालेली नाही. शिवाय रस कशामुळे लागू पडला असेल, याचे एक साधे स्पष्टीकरण शक्य आहे. चाईच्या काही रुग्णांमध्ये डॉक्टर मुद्दाम टाळूवर सौम्य दाह निर्माण करणारी रसायने लावतात, कारण त्या दाहामुळे प्रतिकारशक्तीचा रोख बदलतो. कांद्याचा झोंबणारा रस तेच करत असू शकेल. तसे असेल, तर आनुवंशिक टकलावर त्याचा उपयोग व्हावा असे कारण उरत नाही.

केसांचे चक्र फसवते कसे

माणसाच्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. प्रत्येक केस दोन ते सहा वर्षे वाढतो, दोन-तीन आठवडे संक्रमणात जातात, मग सुमारे तीन महिने तो विसावतो आणि गळतो. त्याच मुळातून नवा केस उगवतो. रोज ५० ते १०० केस गळणे हा या चक्राचाच भाग आहे.

टायफॉइड, डेंग्यू, कोविड, बाळंतपण, मोठी शस्त्रक्रिया किंवा भलतेच कडक डाएट यांचा धक्का बसला की एरवी वाढत राहिले असते असे कितीतरी केस एकदम विसाव्याच्या अवस्थेत जातात आणि दोन-तीन महिन्यांनी भराभर गळतात. कंगव्यात पुंजके येतात, न्हाणीघराच्या जाळीवर केसांचा गुंता साचतो, माणूस घाबरतो आणि त्याच सुमाराला एखादे तेल सुरू होते. मूळ धक्का ओसरलेला असेल तर अशी गळती साधारण सहा महिन्यांत आपोआप आटोक्यात येते, आणि श्रेय मात्र तेलाला मिळते. तेल लावणारा खोटे बोलत नसतो. त्याला सुधारणा खरोखरच दिसलेली असते, पण तेल लावले नसते तर काय झाले असते, हे त्याला कधीच दिसत नाही. म्हणून चाचणीत दुसरा गट लागतो.

रोजमेरीचा दाखला

रोजमेरी तेलाचेही असेच आहे. इराणमध्ये झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत आनुवंशिक केसगळतीचे १०० रुग्ण होते. निम्म्यांनी रोजमेरी तेल लावले, निम्म्यांनी मिनॉक्सिडिल या केसगळतीवरच्या औषधाचे दोन टक्क्यांचे द्रावण. तीन महिन्यांनी दोन्ही गटांत लक्षणीय फरक नव्हता. सहा महिन्यांनी दोन्हीकडे केसांची संख्या थोडी वाढली आणि दोहोंच्या परिणामांत ठळक फरक आढळला नाही. यावरून ‘रोजमेरी मिनॉक्सिडिलच्या तोडीची’ असा बोलबाला झाला.

इथे आजार योग्य होता, मुदतही पुरेशी होती. पण काहीच औषध नसलेले तेल लावणारा तिसरा गट नव्हता. त्यामुळे ती थोडीशी वाढ औषधांची, ऋतूची की रोज नेमाने टाळूची काळजी घेतल्याची, हे ठरवता येत नाही. तुलना पाच टक्क्यांच्या प्रभावी द्रावणाशी नव्हती, सौम्य द्रावणाशी होती. लहान गटांत फरक आढळला नाही, एवढ्यावरून दोन औषधे सारखी ठरत नाहीत. रोजमेरीबद्दल आशा ठेवायला जागा आहे, पण त्यापुढे आज जाता येत नाही.

माका आणि जास्वंदीच्या अर्कांचे प्रयोग उंदरांवर झाले आहेत. त्यांतून पुढच्या संशोधनाची दिशा मिळते. मात्र उंदराच्या अंगावरची लव काढली तरी ती काही आठवड्यांत स्वतःहून येते आणि उंदराला माणसासारखे टक्कल पडत नाही.

सिद्ध होणे म्हणजे काय

मिनॉक्सिडिलची सुरुवातही लोकांच्या अनुभवातूनच झाली. ते मूळचे उच्च रक्तदाबाच्या गोळीतले औषध. गोळी घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, हे डॉक्टरांच्या लक्षात आले. पण नुसत्या त्या निरीक्षणावर औषध टाळूसाठी विकायला परवानगी मिळाली नाही. द्रावण तयार झाले, चाचण्या झाल्या आणि अमेरिकेत १९८८ मध्ये दोन टक्क्यांच्या द्रावणाला मान्यता मिळाली. २००२ मध्येच प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत ३९३ पुरुषांचे तीन गट केले होते. एकाला पाच टक्के मिनॉक्सिडिल, दुसऱ्याला दोन टक्के आणि तिसऱ्याला औषध नसलेले द्रावण देऊन ४८ आठवडे पाहिले गेले. पाच टक्क्यांचे द्रावण इतर दोहोंपेक्षा सरस ठरले. मर्यादाही कळल्या. ते सर्वांना लागू पडत नाही, सुरुवातीच्या आठवड्यांत केस जास्त गळू शकतात आणि लावणे थांबवले की मिळालेला फायदा काही महिन्यांत जातो. उपाय सिद्ध झाला म्हणजे त्याच्या मर्यादाही मोजून माहीत झाल्या.

वेष्टन काय सांगते

भारतात केसांची बरीचशी तेले आणि सीरम सौंदर्यप्रसाधने म्हणून विकली जातात. सौंदर्यप्रसाधनाला स्वच्छता आणि रूप यांपुरता दावा करता येतो आणि टकलावर गुण येतो हे सिद्ध करावे लागत नाही. औषधांच्या बाबतीत औषध नियमांतील अनुसूची ‘जे’मध्ये, जे बरे करण्याचा दावा करता येत नाही अशा विकारांची यादी आहे आणि त्यात टक्कल येते. वेष्टनावर ‘केसगळती कमी’ हे शब्द मोठ्या अक्षरांत असतात, तेव्हा खालची बारीक अक्षरे वाचावीत. अनेकदा तिथे ‘तुटण्यामुळे होणारी केसगळती’ असे लिहिलेले सापडते. मधेच तुटणारा केस आणि मुळापासून गळणारा केस यांचा आपसात संबंध नाही.

निर्णय कसा घ्यावा

आधी निदान. बुलढाणा जिल्ह्यातील शेगाव तालुक्यातल्या काही गावांत २०२४च्या अखेरीस आणि २०२५च्या जानेवारीत अनेकांचे केस अचानक गळून टक्कल पडले. तपासाचा रोख शरीरात वाढलेल्या सेलेनियमकडे गेला. कारण आहारात किंवा रक्तात असेल तर टाळूवर काहीही लावून ते सापडणार नाही. लोहाची कमतरता आणि थायरॉइडचे विकार तपासणीत कळतात. चट्ट्यावर लाली, खपल्या, वेदना असतील किंवा त्वचा गुळगुळीत होऊन मुळांची छिद्रे दिसेनाशी झाली असतील तर त्वचारोगतज्ज्ञाकडे लगेच जावे. व्रण उरवणाऱ्या केसगळतीत मूळ कायमचे नष्ट होते आणि घरगुती प्रयोगात गेलेले महिने भरून निघत नाहीत.

मग जोखीम. कांद्याच्या रसाने टाळू भाजल्यासारखी होणे, पुरळ येणे, डोळ्यांना त्रास होणे शक्य असते. रोजमेरीचे अर्कतेल खोबरेल किंवा दुसऱ्या तेलात पातळ केल्याशिवाय लावू नये. कोंड्याचा त्रास असेल तर तेलाचे थर तो वाढवू शकतात. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडेसे लावून दोन दिवस वाट पाहावी.

शेवटी मोजमाप. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून पंधरा दिवसांत कुठल्याही उपायाचा निकाल लागत नाही. सुरुवातीला आणि नंतर दर महिन्याला त्याच जागी, त्याच उजेडात, कोरड्या केसांचा आणि तसाच भांग पाडून फोटो काढावा. एका वेळी एकच नवी गोष्ट सुरू करावी, म्हणजे श्रेय कोणाचे याचा गोंधळ होत नाही. सहा महिन्यांची मुदत आणि खर्चाची मर्यादा आधीच ठरवून ठेवावी. फोटोंत फरक दिसला नाही तर तो उपाय सोडून द्यावा. आनुवंशिक केसगळतीत सिद्ध उपचार जितक्या लवकर सुरू होतो तितके जास्त केस वाचतात. त्यामुळे सिद्ध न झालेला उपाय करून पाहायचा झाल्यास तो सिद्ध उपचाराच्या जोडीने आणि डॉक्टरांना सांगून करावा, त्याच्या जागी करू नये.