हाकेला न वळणारं पोर



गेल्या गळीत हंगामातली गोष्ट. गट ऑफिसच्या पायरीवर एक वयस्कर सभासद नातवाला घेऊन बसले होते. पोर अडीच वर्षांचं. खेळण्यातला ट्रॅक्टर उलटा धरून त्याचं एकच चाक फिरवीत होतं. चिटबॉयने गोळी पुढे केली तरी मान वर नाही. आजोबा म्हणाले, "ऐकू कमी येतंय म्हणावं, तर लांबून फटफटी आली की कान झाकून रडतंय. घरात सगळी म्हणत्यात, सुनेनं लक्ष दिलं नाही."

सुनेचा यात काडीचाही दोष नाही, हे आधी सांगून टाकतो. स्वमग्नता, म्हणजे डॉक्टर ज्याला ऑटिझम म्हणतात ती, मेंदूच्या वाढीतली वेगळी घडण आहे. 1943 साली अमेरिकेत डॉ. लिओ कॅनर यांनी अशा 11 मुलांची हकिगत लिहिली. पुढे कित्येक वर्षे तज्ज्ञ म्हणविणाऱ्यांनीच आईच्या कोरडेपणावर खापर फोडले. ते साफ चुकीचे ठरले. लसीचेही तेच. तिच्याकडे बोट दाखविणारा 1998 सालचा लेख 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने 2010 मध्ये मागे घेतला.

आता तपासणीचे. तोडणीआधी शेतात आपण ब्रिक्स पाहतो. त्यावरून ऊस पक्व झाला असावा एवढे कळते; पक्का हिशेब प्रयोगशाळेत रस तपासल्यावरच. इथेही तसेच आहे. आधी नुसती चाळणी. 16 ते 30 महिन्यांच्या मुलांसाठी 'एम-चॅट' नावाची 20 प्रश्नांची यादी आहे. आपण बोट दाखविले तर मूल तिकडे पाहते का, नावाने हाक मारल्यावर वळते का, एखादी वस्तू नुसती दाखवायला म्हणून आणते का, असे साधे प्रश्न. उत्तरे आईबापांनीच द्यायची. खूण लागली म्हणजे स्वमग्नता ठरली असे नव्हे. आणि यादीतून सुटले तरी आईच्या मनात शंका असेल तर पुन्हा दाखवावे. आईची शंका पुष्कळदा खरी निघते बरं का.

मग निदान. रक्त तपासून वा फोटो काढून हे कळत नाही. प्रथम कान तपासतात, कारण बहिरं मूलही हाकेला वळत नाही. नंतर बालविकासाचे डॉक्टर व मानसशास्त्रज्ञ मुलाचा खेळ पाहतात, आईला तान्हेपणापासूनचे खोदून विचारतात. आपल्या देशात 'इसा' ही 40 बाबींची मोजपट्टी आहे. प्रत्येक बाबीला 1 ते 5 गुण, बेरीज 70 किंवा वर गेली की स्वमग्नता धरतात. 2016 च्या दिव्यांग कायद्यात स्वमग्नतेचा समावेश असल्याने प्रमाणपत्रासाठीही हीच मोजपट्टी लागते.

अंगणवाडीत राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते व शंका असलेले मूल जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठविते. पंचाईत होते ती तोडणी कामगारांच्या लेकरांची. पथक त्यांच्या गावात, आणि ती आपल्या फडाशेजारच्या कोपीत! कोपीतले मूल जवळच्या अंगणवाडीत नोंदवायला ज्याच्या फडात तोड चालू आहे त्याने हातभार लावावा.

मोठ्या माणसांचेही निदान होते. जन्मभर 'एककल्ली' म्हणून हिणवलेल्या कुणाला चाळिशीत उलगडा होतो. मात्र लहानपणचे सांगणारे कोणी उरलेले नसते, आणि बऱ्याच जणांनी, विशेषतः बायकांनी, चारचौघांसारखे वागायची सवय लावून घेतलेली असते. त्यामुळे तज्ज्ञालाही वेळ लागतो.

त्या आजोबांचा नातू कानाच्या तपासणीत ठीक निघाला. पुढच्या तारखेला सून एकटी नको म्हणून आजोबा स्वतः बरोबर गेले. पाण्याची पाळी त्या दिवशी शेजाऱ्याने सांभाळली.