निमित्त सणाचं, गोष्ट मनातली

सणाच्या तोंडावर घरात वादावादी झाली तर तुम्ही काय करता? खरं सांगा हं! तोंड फुगवून बसायला सवड कुठे असते? भाजणी दळून आणायची असते, डबे घासायचे असतात. राग पोटात, हात कामात!

गेल्या डिसेंबरात माझी भाची आमच्याकडे कुंभिवलीला आली होती. तिनं एक डच सिनेमा दाखवला. नाव ‘आलेस इज लिफ्डे’, म्हणजे ‘सारं काही प्रेमच’. २००७ सालचा, योराम ल्यूर्सन यांनी दिग्दर्शित केलेला. पटकथा मात्र एका बाईची, किम फान कोतेन यांची.

त्यांच्याकडे सिंटरक्लास नावाचा पांढऱ्या दाढीचा संत नोव्हेंबरात बोटीतून येतो आणि ५ डिसेंबरच्या संध्याकाळी भेटी वाटतो. सिनेमात सिंटरक्लास झालेला माणूस मिरवणुकीच्या दिवशीच मरतो आणि भलत्याच माणसाला तो झगा चढवावा लागतो! त्याभोवती पाच-सहा प्रेमकहाण्या. कुणी राजपुत्राची स्वप्नं पाहणारी दुकानातली मुलगी, कुणाचा संसार मोडायला आलेला. मूळ कल्पना २००३ च्या ‘लव्ह अ‍ॅक्च्युअली’ची. पुढे हा डच सिनेमाही २०१० मध्ये बेल्जियममध्ये आणि २०१४ मध्ये जर्मनीत नव्यानं निघाला. स्वेटरचा नमुना एका घरातून दुसऱ्या घरी जावा ना, अगदी तसा!

मला गंमत वाटली ती त्यांच्या एका चालीची. या सणाला भेटवस्तूबरोबर थट्टेचं पद्य लिहून देतात आणि खाली सही सिंटरक्लासची! एरवी तोंडावर बोलता येत नाही, ते सणाच्या आडून बोलायचं. मी भाचीला म्हटलं, “अगं, हा तर आपला उखाणा!”

आणि मला आमच्या जाऊबाई आठवल्या.

सासूबाईंच्या बांगड्यांवरून आम्हा दोघींत तीन वर्षं अबोला होता. २०२३ च्या जुलैत गावातल्या आम्ही बायकांनी गाडी ठरवली आणि भर पावसात ‘बाईपण भारी देवा’ बघायला गेलो. तुमच्यातल्याही कितीतरी जणी गेल्या असतील. केदार शिंदे यांचा हा सिनेमा ३० जूनला लागला होता. संसारात गुरफटून दुरावलेल्या सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी पुन्हा एकत्र येतात, ही त्याची गोष्ट. एकमेकींशी पटो न पटो, फुगडी घालायची म्हणजे हात धरावाच लागतो. ती काही एकटीनं घालता येत नाही.

जाऊबाई रांगेच्या दुसऱ्या टोकाला बसल्या होत्या. परतताना त्याही गप्प, मीही गप्प.

त्याच वर्षी गौरींच्या हळदीकुंकवाला मी मुलीबरोबर त्यांना निरोप धाडला. त्या आल्या. बायकांनी उखाण्याचा आग्रह धरला, तेव्हा त्यांनी भाऊजींच्या नावाआधी ‘धाकट्या जाऊची साथ’ असं काहीतरी जुळवलं. यमक साफ चुकलं! सगळ्या हसल्या. मी मात्र कुंकवाची कोयरी आणायच्या निमित्तानं आत गेले आणि पदरानं डोळे पुसले.

बांगड्या अजून त्यांच्याचकडे आहेत. तो प्रश्न सुटला, असं मी म्हणणार नाही. सिनेमात दोन-अडीच तासांत सगळं गोड होतं, घरात तसं होत नाही. पण आता दिवाळीच्या करंज्या आम्ही एका पाटावर लाटतो आणि मुलं दोन्ही घरांत जेवतात.

तेव्हा मैत्रिणींनो, तुमच्याही घरी असा एखादा अबोला असेल, तर क्षमा मागायला मोठे शब्द शोधत बसू नका. “माझ्या चकल्या तुटतायत, जरा येता का?” एवढा निरोप धाडा. चकल्या चांगल्या होत असल्या, तरीसुद्धा!